म्हशीचा सूर

आपल्या भाषेने म्हशीवर फार अन्याय केला आहे. गाय म्हटली की आपले हात आपसूक जोडले जातात. म्हैस म्हटली की ओठ मुडपतात. गरीब, सालस मुलगी असेल तर ती गाय. जाडी, काळी, हलायला नाखूष अशी कुणी असेल तर ती म्हैस. म्हशीच्या वाट्याला म्हणी आल्या त्याही अशाच. पाण्यातल्या म्हशीचे मोल करू नये, हा व्यवहाराचा शहाणपणा. म्हशीची शिंगे म्हशीला जड होत नाहीत, हा संसाराचा. दोन्ही म्हणींत म्हशीला काय वाटते याची चौकशी नाही. मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. दर वर्षी मुलांना म्हणी गोळा करून आणायला सांगतो, आणि दर वर्षी म्हशीची वही अशीच भरते.

म्हशीच्या बाजूने बोलायला आपल्याकडे एकच साक्षीदार आहे, तोही रेडा. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. म्हणजे रेडा बोलला तेव्हाही त्याने वेदच म्हटले. ‘माझ्या पाठीवर मारू नका’ किंवा ‘आज माझे डोके दुखते आहे’ असे काही तो बोलल्याचे कुणी सांगत नाही.

दिवाळीचेच पाहा. वसुबारसेला गाय-वासराची पूजा. तुम्हाआम्हा शहरी माणसांना त्या दिवशी गाय शोधत हिंडावे लागते, मग कुठल्यातरी देवळाबाहेर बांधलेल्या गायीला दोन रुपयांचा चारा घालून आपण घरी येतो आणि म्हशीच्या दुधाचा चहा पितो. पाडव्याची बासुंदी म्हशीच्या दुधाची, श्रीखंडाचा चक्का तिच्याच दह्याचा. कोल्हापूरचे गवळी तेवढे पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना नटवून मिरवायला काढतात; त्यांचे कौतुक केले पाहिजे. बाकी महाराष्ट्र म्हशीला फक्त दुधापुरता ओळखतो. तिच्या अंगात रक्तही असते, आणि त्या रक्तात कधी काही बिघडते, हे मलाही निघोज्याला आत्याच्या गोठ्यात उभे राहीपर्यंत कधी सुचले नव्हते.

निघोजे हे गाव खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या उत्तर अंगाला. नदीच्या वरच्या बाजूला देहू, खालच्या बाजूला आळंदी. मधल्या पट्ट्यात आता चाकणची औद्योगिक वसाहत. माझ्या लहानपणी आत्याकडे जायचे म्हणजे बाजरीच्या शेतांतून पायवाटेने जायचे. आज त्याच बाजूला मोटारींचा मोठा कारखाना आहे आणि नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबच लांब ट्रेलर रस्त्याला रांग लावून उभे असतात. आत्याची बरीचशी जमीन गेली. पैसे आले, त्यांचे घर झाले, एका नातीचे लग्न झाले, उरलेले कुठे गेले ते घरात कुणाला नीट सांगता येत नाही. राहिला एक दीड एकराचा तुकडा आणि तीन म्हशी: चांदी, बिजली आणि मोरी.

या तीन म्हशींवरून त्या घरात गेली चारपाच वर्षे एक थंड लढाई चालू आहे. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याचे म्हणणे सरळ आहे. गोठा पाडावा, तिथे दहा खोल्या बांधाव्या, कारखान्यातल्या पोरांना भाड्याने द्याव्या, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजावे. चारा विकत, पेंड विकत, गडी मिळत नाही. म्हशीचे शेण काढायला पदवीधर नातू तयार नाही. हिशोबाने पाहिले तर दादाचे काही चूक नाही. आत्या हिशोबाला हिशोबाने उत्तर देत नाही. ती म्हणते, “खोल्या काय, पडल्या तर भिंती. म्हशी हायत म्हणून सकाळी उठून बसावंसं वाटतं मला.” तिचे वय आता पंच्याहत्तरीपुढे आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात मी गेलो तेव्हा आत्या दारात नव्हती. गोठ्यात होती, चांदीच्या गळ्याखाली हात घालून.

“दोन दिस झालं खाईना,” ती म्हणाली. “काल सकाळी बरी वाटली, आज परत तसंच. कान बघ कसं तापल्यात.”

चांदी ही तिची पहिल्या पसंतीची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. पाच महिन्यांची गाभण होती आणि तरी रोज सात लिटर दूध देत होती. ते दोनावर आले होते. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि एका डोळ्यावर ढगासारखी सायी धरली होती. मागचे पाय टाकताना ती जराशी झोकांडत होती. आदल्या आठवड्यात कुणा ओळखीच्या माणसाने येऊन एक इंजेक्शन टोचले होते. कसले, ते त्यालाही ठाऊक नसावे. त्यानंतर ताप उतरला आणि तीन दिवसांनी परत चढला. दादा म्हणाला, “गोचीड ताप असंल.” वहिनी म्हणाली, दृष्ट लागली. आत्या काही म्हणाली नाही.

संध्याकाळी चांदीने एक विलक्षण प्रकार सुरू केला. दाव्याच्या खुंटाभोवती ती एकाच दिशेने फिरू लागली. दावे आवळले की थांबे, सोडले की पुन्हा फेरी. मग भिंतीला कपाळ टेकवून तशीच उभी राहिली. कुणीतरी रुसून भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, तशी. त्या वेळी तिचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला. नाकपुड्यांतून सूं सूं करीत येणारा, ओढलेला. दादाने मोटारसायकल काढली आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर तरुण होते, फारसे बोलके नव्हते. त्यांनी थर्मामीटर लावला. एकशे पाचच्या आसपास. निरोगी म्हशीचा पारा एकशे एकच्या आगेमागे असतो. मग त्यांनी चांदीच्या कानाची कड स्पिरिटने पुसली, एक बारीक शीर टोचली आणि रक्ताचा थेंब काचेवर घेतला. एक थेंब पसरून वाळवला, दुसरा तसाच ओला ठेवून वर पातळ काच बसवली. “ताप चढलेला आहे तोवरच रक्त घ्यायला हवं,” ते म्हणाले. “उतरल्यावर घेतलं तर यात काही दिसणार नाही, आणि आपण म्हणू की जनावर बरं आहे.”

त्यांच्या गाडीत एक लहान सूक्ष्मदर्शक होता. पडवीत दिव्याखाली त्यांनी तो मांडला, बराच वेळ डोळा लावून बसले, आणि मग मला म्हणाले, “सर, बघायचंय?”

मी पाहिले. आधी तांबूस पिवळ्या गोल चकत्यांचा खच दिसला, जत्रेत सांडलेल्या बत्ताशांसारखा. त्या रक्ताच्या पेशी. सगळ्या स्थिर. मग एका कोपऱ्यात चारपाच चकत्या एकदम हलल्या, बाजूला ढकलल्या गेल्या, जसे गर्दीतून कुणी कोपराने वाट काढत जावे. जाणारा दिसला तो क्षणभरच: एक बारीक, पारदर्शक, वळवळणारा धागा. ईलमाशासारखा अंग मुरडत तो चकत्यांमधून निघून गेला. मी डोळा काढला आणि गोठ्याकडे पाहिले. एवढ्या मोठ्या चांदीला याने भिंतीशी नेऊन उभे केले होते.

“सर्रा,” डॉक्टर म्हणाले. “नशीब म्हणायचं. म्हशीत हा सहसा असा हाताला लागत नाही.”

घरी परतल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे आधी शब्दाकडे वळलो. (मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय येते?) या जंतूचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो गिरमिटासारखे अंग असलेला. सुताराचे गिरमिट फिरत फिरत लाकडात शिरते, तसा हा. हे नाव मला पटले. पण खरा धक्का बसला तो ‘सर्रा’ या शब्दाने. हा शब्द जगभरच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे, आणि इंग्रजी कोश त्याचे मूळ सांगतात ते मराठीत! ‘सूर’: नाकपुडीतून वाहणारा श्वास. कुणी तो हिंदीतल्या ‘सड़ा’वरून, म्हणजे कुजलेल्यावरून, आला असेही म्हणतात, पण मी मराठीच्या बाजूने पक्षपाती आहे, आणि शिवाय चांदीचा तो श्वास मी कानांनी ऐकला होता. कुणा जुन्या मराठी माणसाने आपल्या जनावराच्या नाकाशी कान नेला असेल आणि त्या आवाजाला नाव दिले असेल. भाषेने म्हशीवर अन्याय केला असे मी वर म्हटले. त्या एका शब्दापुरते मला माझे विधान सौम्य केले पाहिजे.

या रोगाचा शोधही आपल्याच देशातला. 1880 साली पंजाबातल्या डेरा इस्माईल खान येथे, जे आता पाकिस्तानात आहे, ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याला लष्कराच्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हे गिरमिट दिसले. त्याने आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरात टोचून रोग होतो हे दाखवले. वरिष्ठांना ते पटले नाही. रक्तातले किडे हे रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम आहेत, असे त्या काळच्या मोठ्या माणसांचे मत होते. शिवाय त्याआधी दोनच वर्षे कलकत्त्याला लुईस नावाच्या डॉक्टरने उंदरांच्या रक्तात असलेच जंतू पाहिले होते आणि ते उंदीर मजेत होते. इव्हान्स बिचारा गप्प बसला. पण त्याला आयुष्य मोठे मिळाले. तो पुरा शंभर वर्षांचा होऊन 1935 साली वारला, आणि तोवर या जंतूला त्याचेच नाव मिळाले होते: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय.

आणि पुढचा धागा तर थेट पुण्यात येतो. जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी सरकारने 1889 साली इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली ती पुण्याला, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे ते जुने नाव. तिचा पहिला प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याने हाती घेतलेल्या पहिल्या रोगांत सर्रा होता. आधी घोड्यांतला, आणि काही वर्षांनी बैल, म्हशी आणि कुत्र्यांतला. धोक्याच्या जंतूंवर गजबजलेल्या गावात प्रयोग करणे ठीक नव्हे म्हणून 1893 साली ती प्रयोगशाळा कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या डोंगरावर हलवली. आज इज्जतनगरला जी भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे ती तिचीच वाढ. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतींवरून मी हजार वेळा गेलो असेन. तिथून निघोजे फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी पलटणीचा घोडा, मग उंट, म्हशीचा नंबर शेवटी. घोड्यावर साहेब बसत होता.

चांदीकडे परत येतो. आत्याने डॉक्टरांना विचारले, “कुठनं आलं हे?”

“माशीनं आणलं.” गोठ्यात पावसाळ्यात एक मोठी, करड्या रंगाची, डंख मारणारी माशी येते. टॅबॅनस म्हणतात तिला. ती डासासारखी नाजूकपणे शोषून घेत नाही. कातडी चिरते आणि वर आलेले रक्त चाटते. जनावर शेपटी मारते, ती उडते, आणि अर्धे राहिलेले जेवण शेजारच्या जनावरावर पुरे करते. तिच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून गिरमिट एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा जंतू याचा सख्खा भाऊ. पण त्याला त्सेत्से माशीच्या पोटात काही दिवस मुरावे लागते. आपल्याकडच्याला तेवढे थांबायची गरज नाही. शेपटीच्या दोन फटकाऱ्यांमध्ये त्याचा प्रवास होतो. गोचिडाचा मात्र यात संबंध नाही. गोचीड जे रोग पसरवते, थायलेरिया आणि बबेसिया, ते निराळे. त्यांची औषधेही निराळी. थायलेरियाचा जोर संकरित गायींवर अधिक, बबेसियात लघवी लाल होते. दादाचा ‘गोचीड ताप’ आणि त्या ओळखीच्या माणसाचे इंजेक्शन ही एकाच अंधारातली दोन दगडफेकी होती.

मग ताप उतरून पुन्हा का चढला? याचे उत्तर डॉक्टरांनी थोडक्यात दिले, मी ते माझ्या भाषेत सांगतो. हे गिरमिट बहुरूपी आहे. आज पोलिसाच्या वेषात दारात आले. म्हशीच्या रक्ताने चारपाच दिवसांत तो वेष ओळखला आणि त्या वेषातले सारे मारले. ताप उतरला, घरची माणसे म्हणाली, बरे झाले. पण त्यांतल्या एखाददुसऱ्याने तोवर अंगावरचा झगा बदललेला असतो. आता तो साधू आहे. रक्त त्याला ओळखत नाही. तो वाढतो, ताप चढतो. असे शेकडो झगे त्याच्या पेटाऱ्यात असतात. म्हणून या रोगावर लस निघालेली नाही. कुठल्या वेषाची काढायची? घोड्याचा किंवा उंटाचा तो जीव घेतो. म्हशीत पुष्कळदा नुसता दबा धरून बसतो. दूध घटते, म्हैस उलटते, वाळत जाते, गाभ टाकते, आणि मालक पेंडीला दोष देत राहतो. मेंदूत शिरला की मग चांदीसारखे फेरे सुरू होतात.

डॉक्टरांनी फितीने चांदीच्या छातीचा घेर मोजला, त्यावरून वजन काढले. औषध वजनाच्या हिशोबाने पुरते गेले पाहिजे, यावर ते फार काटेकोर होते. कमी दिले तर अर्धे मरतात आणि उरलेले औषध पचवायला शिकतात. औषधाचे नाव क्विनापायरामिन. लिंगार्डच्या काळी यावर सोमल देऊन पाहत. हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेतल्या रसायनतज्ज्ञांनी तयार केले. एका कुपीत त्याची दोन क्षार-रूपे असतात. एक लगेच विरघळते आणि आहेत ते जंतू मारते, दुसरे कातडीखाली साठून राहते आणि काही आठवडे हळूहळू झिरपत राखण करते. एक रोखीचे, दुसरे हप्त्याचे. भुकटीत पाणी घालून त्यांनी ते मानेच्या कातडीखाली दिले. नंतर शिरेतून ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या, कारण हे गिरमिट रक्तातली साखर अधाशासारखी खाते.

इंजेक्शननंतर पंधरा-वीस मिनिटांनी चांदी थरथरू लागली, तोंडातून लाळ गळू लागली. आत्या घाबरली. औषधाचा असा त्रास कधी कधी होतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि ते गेलेही नव्हते, गोठ्यातच पेंडीच्या पोत्यावर बसून होते. तासाभराने थरथर थांबली. सलाईनची बाटली धरून दादा उभा होता. खोल्यांचा हिशोब करणारा तोच दादा. हात अवघडला तेव्हा त्याने तो बदलला, बाटली कुणाच्या हातात दिली नाही.

“ह्यो रोग माणसाला लागतो का?” आत्याने मध्येच विचारले.

डॉक्टर म्हणाले, जवळजवळ नाहीच. त्या ‘जवळजवळ’ची गोष्ट मी पुढे वाचली, ती सांगण्यासारखी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणी नावाच्या गावचा एक पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी 2004 साली कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण होता. त्याच्या रक्तात हेच जनावरांचे गिरमिट सापडले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी ते ओळखले, जागतिक आरोग्य संघटनेकडून सुरामिन हे औषध मिळवले आणि तो बरा झाला. 2005 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा या जंतूने माणसाला झालेला आणि पुराव्यानिशी सिद्ध झालेला जगातला तो पहिला रोगी ठरला. मग त्यालाच का? आपल्या सगळ्यांच्या रक्तात एक प्रथिन असते, ते या गिरमिटाला मारून टाकते. त्या शेतकऱ्याच्या रक्तात ते जन्मतःच नव्हते. 2006 साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. म्हणजे आपण माशीच्या डंखातून वाचतो ते आपल्या शहाणपणाने नव्हे. आणि शहरातल्या आयाबहिणींनी धास्ती घेऊ नये: हा रोग रक्तातून जातो, उकळलेल्या दुधातून नाही. औषध दिलेल्या म्हशीचे दूध मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस टाकूनच द्यायचे असते. आत्याने ते टाकले. उकिरड्यावर ओतताना ती दर वेळी तोंड फिरवी.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. चांदी भिंत सोडून गव्हाणीकडे तोंड करून उभी राहिली, मक्याची वैरण खाऊ लागली. सगळ्यांना वाटले, सुटलो. नवव्या दिवशी पहाटे तिने गाभ टाकला. पाच महिन्यांचा पारडा, पुरते केसही न आलेला. डॉक्टरांनी ही भीती बोलून दाखवली होती. रोगाने व्हायचे ते नुकसान औषध पोचण्याआधीच झालेले असते. दादाने तो पोत्यात गुंडाळून शेताच्या टोकाला, कारखान्याच्या कुंपणालगत, पुरला. चांदी दोन दिवस हंबरत राहिली. दूध पुढे चार लिटरपर्यंत चढले, त्यापुढे गेले नाही.

मला वाटले होते, इथे दादाची बाजू जिंकली. त्याने तसे ठरवलेही. चांदीला आता गिऱ्हाईक नाही. पण बिजली ठणठणीत होती, दुसऱ्या वेताची, अंगाने भरलेली. चाकणच्या बाजाराचा एक व्यापारी येऊन पाहून गेला आणि लाखाच्या घरात बोलला. त्या पैशांत खोल्यांचा पाया आणि भिंती निघाल्या असत्या.

पण त्या पहिल्याच रात्री डॉक्टरांनी जाता जाता बिजलीचे आणि मोरीचेही रक्त घेतले होते, आणि ते प्रयोगशाळेत पाठवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसले नव्हते. प्रयोगशाळेचा निकाल आला तो असा: मोरी स्वच्छ, बिजलीच्या रक्तात सर्रा आहे. ताप नाही, डोळ्याला पाणी नाही, दूध पूर्ण. दबा धरून बसलेला.

निकाल मोबाइलवर आला तो दुपारी, आणि व्यापारी पैसे घेऊन यायचा होता संध्याकाळी. त्या तीन तासांत घरात काय बोलणे झाले ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथेच होतो. दादा म्हणाला, “बाजारात कोण रक्त तपासून विकतं? तो घेईल, पुढं विकेल. एखादीला असतंच.” यातले प्रत्येक वाक्य खरे होते. वहिनी म्हणाली, आधी इंजेक्शन देऊ, मग महिन्याने विकू. आत्या वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “ज्याच्या दावणीला जाईल त्याच्या दावणीला आणिक चार असतील.” मग थोड्या वेळाने, “आपली चांदी कुणाकडनं आली म्हणायची?” बिजली वर्षापूर्वी बाजारातूनच आणलेली होती. दादा उठून बाहेर गेला.

व्यापारी आला. आत्याने त्याला चहा दिला आणि म्हशीच्या रक्तात सर्रा आहे म्हणून सांगितले. तो पांढऱ्या मिशांचा, बाजारात मुरलेला माणूस. त्याला वाटले भाव वाढवायची ही काही नवी तऱ्हा असावी. खरेच आहे हे ध्यानात आल्यावर तो बराच वेळ हसला.

“म्हातारे,” तो म्हणाला, “आम्ही पाण्यातल्या म्हशीचा सौदा करतो. तू तर तिला कातडीच्या आतनं उघडून दावतीस.”

मग त्याने वीस हजार कमी करून मागितली. आत्याने दिली नाही. तो निघून गेला, पण जाताना मोटारसायकलवर बसता बसता त्याने डॉक्टरांचा नंबर विचारून घेतला. दादा त्या रात्री जेवला नाही.

बिजलीला दुसऱ्या दिवशी औषध दिले. तिने डॉक्टरांच्या गुडघ्यावर एक लाथ मारली, थरथरली वगैरे काही नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासले, तेव्हा निघाले नाही. पुन्हा एकदा पावसाळ्याआधी तपासायचे आहे. तिन्हीसांजेला आत्या गोवऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून गोठ्यात धुरी करते. डॉक्टरांनी माश्यांसाठी जाळी बसवायला सांगितली होती, तिला पैसे लागत होते. खोल्यांसाठी म्हणून दादाने एक ट्रकभर विटा आधीच आणून टाकल्या होत्या. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांतल्या निम्म्या विटा गोठ्याच्या उघड्या अंगाला कमरेएवढ्या रचलेल्या होत्या आणि वर छपरापर्यंत हिरवी जाळी ताणलेली होती. दादा शिडीवर चढून खिळे ठोकत होता. उरलेल्या विटांत चार खोल्या निघतील असे तो म्हणाला. जाळीला दार करायचे राहिले आहे. तोवर तिथे आत्याचे एक जुने नऊवारी बांधलेले आहे, आणि आतबाहेर करताना चांदी ते दर वेळी शिंगात अडकवून नेते.